रातराणीत कोण बसतं, हे सरकारने एकदा मोजावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्याच्या अनुशेषावर, म्हणजे विकासात मागे राहून गेलेल्या वाट्यावर, आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाचा अभ्यास आहे, तळमळही आहे. समृद्धी महामार्ग, जालना–नांदेड जोडमार्ग, बीडपर्यंत आलेली रेल्वे यांची सगळी माहिती देऊन शेवटी त्यांनी म्हटलं आहे की, येत्या काही वर्षांत मराठवाडा आणि पुणे-मुंबई यांच्यातलं अंतर संपून जाईल. या एका वाक्याशी माझं पटत नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीत परभणी आगाराला वाहक होतो. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली आणि त्यातली बरीचशी परभणी–पुणे रातराणीवर. परभणी सोडली की मानवत, पाथरी, माजलगाव, गढी, मग पाथर्डी, नगर आणि उजाडता उजाडता पुणे. माजलगावच्या पुढे चढणारं फारसं कोणी नसायचं. तिकिटांचा हिशोब जुळवून झाला की आतले दिवे बंद करण्याआधी मी गाडीतून एक चक्कर मारायचो. माणसं रोज नवी, पण निघायची कारणं तीच. दवाखाना. पोराचा क्लास. कंपनीतली नाहीतर सिक्युरिटीची नोकरी. कोर्टकचेरीचं किंवा मंत्रालयातलं अडकलेलं काम. अशी माणसं पुण्यात उतरून पुढे मुंबईची गाडी धरायची. हौसेने फिरायला निघालेला माणूस रातराणीत क्वचितच दिसायचा. ज्याच्या हातात चार पैसे आहेत, तो ट्रॅव्हल्सच्या स्लीपरने जातो किंवा स्वतःची गाडी काढतो. एसटीत जो बसतो तो दुसरा इलाज नाही म्हणून बसतो.

पेशंट लगेच ओळखू येतो. एक्स-रेची, एमआरआयची ती मोठाली पाकिटं कोणी वर रॅकवर टाकत नाही. फिल्म दुमडेल या धास्तीने मांडीवर उभी धरून माणसं रात्र काढतात. पाथरीला एक बाबा चढले होते, सोबत सून. फिल्म खताच्या रिकाम्या पिशवीत घातलेली, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं. पंच्याहत्तरी उलटलेली म्हणून बाबांचं तिकीट माफ, सुनेचं अर्धं. तिने पदराची गाठ सोडून पैसे दिले, तेव्हा बाबांनी विचारलं, “मास्तर, ह्यो दवाखाना स्टँडापासून कुठशीक हाय?” पुढे केलेल्या चिठ्ठीवर इथल्या डॉक्टरच्या अक्षरात फक्त रुग्णालयाचं नाव होतं. ना पत्ता, ना कोणाला भेटायचं ते. दोघांनीही तोवर पुणे पाहिलेलं नव्हतं.

असं रोज कोणी ना कोणी विचारायचं, म्हणून मी खिशात एक वही ठेवायला लागलो. कोणत्या दवाखान्याला स्टँडवरून कोणती पीएमपी, म्हणजे शहरबस, जाते, रिक्षावाल्याला किती द्यायचे, नातेवाइकांना रात्री पाठ टेकायला जागा कुठे मिळते, जेवण स्वस्तात कुठे. शिवाजीनगरचं स्टँड वाकडेवाडीला हललं तेव्हा ती सगळी वही नव्याने लिहावी लागली. हे वाहकाच्या कामात बसत नाही, पण माझ्याबरोबरचे कितीतरी वाहक हे करत होते आणि आजही करतात. परभणीच्या माणसाला पुण्यात ओळखीचा म्हणावा असा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा माणूस एसटीचा वाहकच असतो.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र पुण्यातलं काहीच नव्हतं. परभणीतून निघताना काय विचारायचं, ते तिथे लिहिलं होतं: रेशनकार्ड, आधारकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून राज्यात आहे. योजना चांगली आहे. पण तिचा लाभ कागदावर मिळतो, आणि इकडून जाणाऱ्याचा पेशंट पुण्यात असतो नि कागद तालुक्याच्या गावी. मग सोबत आलेला एकटा माणूस आजाऱ्याला दुसऱ्याच्या भरवशावर सोडून परत रातराणीत बसतो, सकाळी तहसीलसमोर उभा राहतो, साहेब दौऱ्यावर असले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो आणि दाखला खिशात घालून परत पुण्याची गाडी धरतो. तोवर तिकडे बिल वाढतच असतं. पुण्यातल्या माणसाला त्याच दाखल्यासाठी अर्धा दिवस जातो. कायदा दोघांना एकच, योजना एकच. इकडच्याचा खर्च मात्र कितीतरी जास्त, आणि हा जास्तीचा खर्च कोणाच्याही हिशोबात धरला जात नाही.

बरं, सगळे आजार काही मेंदूच्या ऑपरेशनचे नसायचे. मोडलेला खुबा, मूत्रपिंडातला खडा, लहान लेकराच्या छातीतलं दुखणं, अवघड झालेलं बाळंतपण. विचारलं की उत्तर ठरलेलं: मशीन आहे पण चालवणारा नाही, डॉक्टरची जागा आहे पण भरलेली नाही, पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. इमारत झालेली असते, उद्घाटनाची पाटी लागलेली असते, आणि माणूस रात्री नऊ वाजता खताची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसलेला असतो.

आता संपादक महाराज, अनुशेषाचा हिशोब पाहा. १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या तिच्या अहवालात रस्ते, सिंचन, गावांची वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रं धरून राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये निघाला, त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५० कोटी. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजलं, तेव्हा राज्याचा आकडा १४,००६ कोटींवर गेला आणि मराठवाड्याचा ४ हजार कोटींच्या वर. मग २०११ मध्ये विजय केळकर समिती, २०१३ मध्ये तिचा अहवाल, २०१४ मध्ये तो विधिमंडळात. या समित्यांवरच्या लोकांनी मनापासून काम केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण अनुशेष हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो कोटी रुपयांच्या रूपात, आणि कोटी रुपयांचा अनुशेष रस्त्याने, इमारतीने, कालव्याने भरून निघाल्याचं दाखवता येतं. रिकामी खुर्ची त्यात दिसत नाही.

आपल्या राज्यघटनेतलं ३७१(२) हे कलम आपल्या वाचकांनी एकदा मुळातून वाचावं, अशी माझी विनंती आहे. मी ते आमच्या गावच्या वाचनालयात वाचलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं, विकासखर्चाची समन्यायी वाटणी, आणि पुढे स्पष्ट लिहिलं आहे: तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्याच्या सेवेत नोकरीची पुरेशी संधी. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातही नोकऱ्या आणि शिक्षण या दोन गोष्टी होत्याच. म्हणजे ज्यांनी हे लिहिलं त्यांना पक्कं माहीत होतं की मागं पडणं हे डांबरात किंवा खडीत नसतं. मुलाला शिकायला कुठे जावं लागतं आणि शिकल्यावर नोकरी कुठे मिळते, यात ते असतं. कलम १९५६ चं. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, तीही मराठवाड्याच्या विकासासाठी झगडणाऱ्या गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य वेचल्यावर. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतल्याचं आपण छापलं होतं. त्यानंतर मराठवाड्याचं मंडळ कामाला लागल्याची बातमी मी आजवर वाचलेली नाही.

शिक्षणाचं मी घरातलं सांगतो. माझी मुलगी बारावीला होती तेव्हा वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० चं सूत्र होतं. ज्या विभागात शिकलात तिथल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, उरलेल्या ३० टक्के बाहेरच्यांना. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मराठवाड्यात महाविद्यालयं मोजकी आणि जागा थोड्या, पुणे-मुंबईकडे दोन्ही कितीतरी जास्त. त्यामुळे आमच्या मुलांना जास्त गुण मिळवूनही प्रवेश मिळेना, आणि तिकडे त्याहून कमी गुणांवर मिळत होता. माझ्या मुलीचे गुण तिकडच्या यादीत बसत होते, इकडच्या यादीत बसले नाहीत. मराठवाड्यातल्या पालकांनी ओरड केली, निवेदनं दिली, अखेर सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं. परभणीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झालं, जालना आणि हिंगोलीला २०२४ मध्ये. या गोष्टी झाल्या याचा मला मनापासून आनंद आहे आणि ज्यांनी त्यासाठी उपोषणं केली, मोर्चे काढले त्यांचे उपकार आहेत. माझ्या मुलीने तोवर नर्सिंग केलं होतं. आज ती पुण्यात एका खासगी रुग्णालयात आहे. तिच्या वॉर्डात परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडचे पेशंट येतात. बोलण्यावरून ती त्यांना ओळखते आणि ते तिला. परभणीची परिचारिका परभणीच्याच आजाऱ्याला औषध देते आहे, फक्त त्यासाठी दोघांनाही पुण्याला जावं लागलं आहे. तिचा पगार पुण्यात खर्च होतो, पेशंटच्या शेताचे पैसेही पुण्यात खर्च होतात. घरभाडं, रिक्षा, औषधाचं दुकान, खाणावळ, सगळं तिकडे. मागासलेपणाचा पैसा पुढारलेल्या शहरात कसा जातो, हे समजायला मला अर्थशास्त्र शिकावं लागलं नाही.

आता रस्त्यांकडे येतो. रस्ते नकोत, असं मी कधीच म्हणणार नाही. खड्ड्यांतून गाडीत उभं राहून तिकिटं काढणाऱ्या माणसाला चांगल्या रस्त्याची किंमत सांगायला नको. बीडची रेल्वे १९९५ च्या सुमारास मंजूर झाली. अहिल्यानगर–बीड–परळी असा २६१ किलोमीटरचा मार्ग, आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. बीडकरांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं असेल तर ते साहजिक आहे. पण नुसता रस्ता झाला, नुसती रेल्वे आली, तर जाणारा माणूस लवकर जातो, एवढंच होतं. गावातल्या माणसाला गावात राहण्याचं कारण त्या रस्त्याने आपोआप येत नाही. ते मुद्दाम आणावं लागतं: भरलेली पदं, चालू असलेलं यंत्र, कारखाना, महाविद्यालय, परीक्षा केंद्र, निर्णय घेणारं कार्यालय. हे न आणता फक्त रस्ता रुंद केला, तर गाड्या वाढतील, प्रवासी वाढतील आणि कागदावर मात्र विकास झालेला दिसेल.

स्पर्धा परीक्षांचंही तसंच. जून-जुलै आला की रातराणीत पत्र्याच्या पेट्या आणि गाद्यांच्या वळकट्या यायच्या. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत एकेका खोलीत चार-पाच पोरं कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेची वेगळी फी, खाणावळीची वेगळी. पेपर साऱ्या राज्यात एकच असतो, पण परभणीच्या मुलाला तो देण्याआधी एकरभर कापसाचे पैसे भरावे लागतात. दुष्काळाच्या साली, २०१६ ला आणि पुन्हा २०१९ ला, हीच मुलं महिन्याच्या मध्येच पेटी उचलून परतीच्या गाडीला यायची. मेसचे पैसे घरून आलेले नसायचे. मी त्यांना खोदून काही विचारत नसे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांबद्दल लेखात एक ओळ आहे. ते रातराणीत बसत नाहीत, त्यांना मुकादमाचा ट्रक नाहीतर ट्रॅक्टर नेतो. दसरा उलटला की गढीच्या पुढे रस्ताभर तेच. वर बाजरीची पोती, हंडे, कोंबड्या, बाया, पोरं, आणि भर थंडीत डोक्यावर फक्त ताडपत्री. उचल घेतलेली असते, म्हणजे मजुरी आधीच घरात खर्च झालेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर शाळेतलं पोरगंही सहा महिने फडावर. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांची साखर या माणसांच्या मनगटावर तयार होते. तिकडे कारखान्याने गावाला शाळा, दवाखाना, रस्ता दिला. तोडणाऱ्याच्या गावाला काय मिळालं, हे बीड-पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात जाऊन कोणीही पाहावं. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून सरकारने राज्यातले जे १४ जिल्हे धरले आहेत, त्यात मराठवाड्याचे आठच्या आठ आहेत. एकही सुटलेला नाही. पाण्याबद्दल, जायकवाडीबद्दल माझ्यापेक्षा जाणती माणसं आपल्याच अंकात लिहीत असतात, म्हणून तो विषय मी इथे काढत नाही.

माझी मागणी साधी आहे आणि तिला पॅकेज लागत नाही. वाहकाच्या हातातल्या तिकीट मशीनमध्ये प्रत्येक तिकिटाची नोंद होते: कुठून कुठे, कोणत्या तारखेला, पूर्ण तिकीट की सवलतीचं. ही माहिती महामंडळाकडे जमा होतच असते. पुणे-मुंबईच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात केसपेपरवर पेशंटचा पत्ता लिहिलेला असतो. वैद्यकीय, अभियांत्रिकी प्रवेशाच्या यादीत मुलगा कुठल्या जिल्ह्यात शिकला आणि त्याला प्रवेश कुठे मिळाला, हे असतं. प्रत्येक खात्याकडे जिल्हानिहाय मंजूर पदं आणि भरलेली पदं यांचा तक्ता असतो. हे सगळे कागद आजही सरकारजवळ आहेत. फक्त कोणी ते एका ठिकाणी आणून पाहिलेले नाहीत. परभणी जिल्ह्यातून एका वर्षात किती माणसं उपचारासाठी जिल्ह्याबाहेर गेली, कोणत्या आजारासाठी गेली, त्यातले किती आजार जिल्ह्यातच बरे होण्यासारखे होते, हे दरवर्षी छापून यावं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचं यावं. विकास मंडळ पुन्हा बसलं तर त्याने पहिलं काम हे करावं. नाही बसलं, तर जिल्हा नियोजन समितीनेही करायला हरकत नाही. एकदा आकडा समोर आला की कोणत्या जागा आधी भरायच्या हे ठरवायला वेगळी समिती नेमावी लागणार नाही.

महिलांना अर्धं तिकीट झालं मार्च २०२३ मध्ये, तेव्हा निवृत्तीआधीच्या त्या शेवटच्या काळात मला गाडीत एक फरक दिसला. त्याआधी आजारी बाईसोबत बहुधा एकटा नवरा किंवा भाऊ यायचा. तिकीट अर्धं झाल्यावर आई, बहीण, जाऊ सोबत यायला लागल्या. पुण्यासारख्या अनोळखी शहरात त्या बाईच्या उशाला तिचं म्हणावं असं माणूस बसायला लागलं. हा फरक कुठल्या अहवालात आला असेल असं मला वाटत नाही, पण तो खरा आहे, आणि मशीनमधल्या तिकिटांवरून तो आजही काढता येईल. अशा गोष्टी मोजता येतात, मोजायचं ठरवलं तर.

मराठवाड्यातून ४६ आमदार विधानसभेत जातात, सगळ्या पक्षांचे. त्यांतल्या कोणीही नागपूरच्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न टाकावा: गेल्या पाच वर्षांत मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातून किती रुग्णांनी पुणे आणि मुंबईतल्या सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत उपचार घेतले, आणि त्याच काळात त्या जिल्ह्यांत तज्ज्ञ डॉक्टरांची व तंत्रज्ञांची किती पदं रिकामी होती? उत्तर सभागृहाच्या पटलावर आलं की ते आपण आपल्या दैनिकात पहिल्या पानावर, जिल्हावार तक्ता करून छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
परभणी